बाजूच्या गेटचे मानकरी

गावातल्या फुटबॉल टीमवर सत्तावीस वर्षं जीव टाकणारा माणूस एक तर संत असतो किंवा हट्टी. बाइंडर संत नव्हता, हे त्याच्या बायकोला विचारलं असतं तर तिनं हातातलं काम न थांबवता सांगितलं असतं.

धंदा पुस्तकबांधणीचा. दुकान म्हणजे एक लांबट खोली. मधोमध कटिंग मशीन, भिंतीला पुठ्ठ्यांच्या थप्प्या, कोपऱ्यात खळीचं पातेलं. बायको समोर बसून छापील पानांच्या घड्या, म्हणजे फर्मे, शिवायची आणि तो कणे चिकटवायचा. सगळ्यात वरच्या फळीवर एका रांगेत हिरव्या कापडाची सत्तावीस रजिस्टरं होती, एका मोसमाला एक. गावच्या टीमचा प्रत्येक घरचा सामना त्यांत नोंदलेला. कितव्या मिनिटाला कोणी गोल खाल्ला, कोण पडला, कोण खोटं पडला, किती माणसं आली. नियम एकच होता, जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेच लिहायचं. म्हणून सत्तावीस वर्षांत त्यानं घरच्या सामन्याचं एक मिनिटही चुकवलं नव्हतं. मुलीच्या लग्नाची तारीखसुद्धा लीगचं वेळापत्रक छापून आल्यावरच ठरली होती. व्याह्यांना वाटलं की हे लोक मुहूर्ताच्या बाबतीत फार काटेकोर आहेत. बायकोनं त्यांचा गैरसमज तसाच राहू दिला.

एवढ्या भक्तीच्या बदल्यात टीमनं काय दिलं, तर चौदा वेळा शेवटून दुसरा नंबर. गोलकीपर बेकरीत कामाला, पहाटे तीनला उठायचा आणि सामन्याच्या उत्तरार्धात त्याच्या डोळ्यांवर झापड यायची. पुढे खेळायचा लंबू. त्याचं डोकं चेंडूपर्यंत पोचायचं, पण चेंडू आला आहे हे डोक्याला उशिरा कळायचं. आणि डावीकडे बचावाला पेंटर. हा गडी नऊ वर्षं इमानानं धावत होता आणि नऊ वर्षांत त्याच्या नावावर एकही गोल नव्हता. रजिस्टरात दर वर्षी पेंटरपुढे बाइंडर शून्य घालायचा आणि दर वर्षी ते शून्य थोडं मोठं निघायचं. पेंटरचा पहिला गोल आपण पाहायचाच, ही त्याची फार जुनी मनीषा होती. तसं तो कोणाला बोलला नव्हता, पण बायकोला माहीत होतं. इतक्या वर्षांच्या शेजारानं भिंतीलाही कळलं असतं.

यंदा लीगनं नवा नियम काढला. मोसमातल्या दहा घरच्या सामन्यांना मिळून अडीच हजार प्रेक्षक झाले पाहिजेत, नाहीतर क्लबचं नाव यादीतून काढणार. बाइंडरला त्याची काळजी नव्हती. दर सामन्याला तो स्वतः डोकी मोजायचा, आणि त्याच्या रजिस्टरात नऊ सामन्यांचे दोन हजार चारशे त्र्याऐंशी झाले होते. उरले सतरा. सतरा माणसं तर नुसता पाऊस चुकवायलाही येतात.

शेवटच्या सामन्याच्या तीन आठवडे आधी लीगचं पत्र आलं. त्यात आकडा होता दोन हजार एकशे एकवीस. म्हणजे शेवटच्या सामन्याला तीनशे एकोणऐंशी हवेत, आणि सरासरीनं येत होते दोनशे छत्तीस.

क्लबचा सेक्रेटरी चष्म्याचं दुकान चालवायचा. पत्र घेऊन तो बाइंडरकडे आला आणि स्टुलावर बसून राहिला. त्याचं म्हणणं पडलं की आता काही होत नाही, एक चांगलासा निरोपाचा कार्यक्रम करू, जुन्या खेळाडूंना बोलावू, फोटो काढू. बाइंडरनं पत्र दोनदा वाचलं. मग रजिस्टर काढून नऊ आकड्यांची बेरीज वरून खाली केली, खालून वर केली. त्याच्या मते प्रकरण स्वच्छ होतं. लीगवाल्यांना मोठ्या शहराच्या टीमसाठी जागा मोकळी करायची होती आणि त्यांनी ह्यांची तीनशे बासष्ट माणसं खाल्ली होती. त्यानं त्या दिवशी लीगला एक पत्र लिहिलं, दुसऱ्या दिवशी दुसरं आणि तिसऱ्या दिवशी तिसरं. तिसरं इतकं कडक होतं की बायकोनं ते टाकायच्या आधी उघडून त्यातले चार शब्द खोडले.

लीगचं उत्तर एका ओळीचं आलं. शेवटच्या सामन्याला आमचा माणूस गेटवर उभा राहील.

“राहू दे,” बाइंडर म्हणाला. “मीही राहीन. आणि तीनशे एकोणऐंशी आणीन. मग काय खातात ते बघू.”

सेक्रेटरी म्हणाला की काका, माणसं काय पुठ्ठ्यासारखी कापून आणायची आहेत का. बाइंडरनं त्याला निरोपाच्या कार्यक्रमाचा कागद परत दिला आणि चहासुद्धा विचारला नाही.

पुढचे तीन आठवडे दुकानातून एकही पुस्तक बिनचिठ्ठीचं बाहेर पडलं नाही. कव्हर उघडलं की आतल्या पहिल्या कोऱ्या पानावर छोटी चिठ्ठी चिकटवलेली असायची, रविवार, चार वाजता, तुमची टीम, तुम्ही या. शाळेची हजेरीपुस्तकं गेली, वाचनालयाची जाडजूड पुस्तकं गेली, कॉलेजातल्या एका बाईंचा सहा वर्षं खपून लिहिलेला प्रबंधही चिठ्ठीसकट गेला. बाई दुकानात येऊन तावातावानं बोलल्या, की परीक्षकांनी पहिला प्रश्न विषयावर न विचारता फुटबॉलवर विचारला. बाइंडरनं शांतपणे विचारलं की परीक्षक येणार आहेत का.

जावयाचा प्रश्न नाजूक होता. जावई मोठ्या शहराच्या टीमचा, तोही टीव्हीवरचा. सासऱ्याच्या टीमला तो हसत नसे, पण दर सोमवारी फोन करून “काल काय झालं, बाबा?” असं इतक्या आपुलकीनं विचारायचा की त्यापेक्षा हसला असता तर बरं. बाइंडरनं त्याला आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं. ऑफिसातले चार जण घेऊन या, जावईबापू, आणि अंगात तुमच्या त्या टीमचा शर्ट नको. जावई सात जण आणतो म्हणाला. बाइंडरला त्या रात्री जावयाविषयीचं मत थोडं बदलावं लागलं, आणि मत बदलायचा त्याला सराव नव्हता.

राहिली बायको. सत्तावीस वर्षांत ती एकदाही मैदानावर गेली नव्हती. तिचं म्हणणं असं, की बावीस माणसं एका चेंडूमागे धावतात ते ठीक, पण त्यातली आपली अकरा नुसतीच धावतात, ते बघायला पैसे कशाला द्यायचे. त्यानं तिला ये म्हटलं नाही. शनिवारी संध्याकाळी सुई ठेवताना तीच म्हणाली, “तीनशे एकोणऐंशीत मला धरलंय का?”

“नाही.”

“मग धरा.”

रविवारी साडेतीनपासून बाइंडर तिकिटाच्या गेटपाशी लीगच्या माणसाच्या मागे दोन हातांवर उभा राहिला. लीगचा माणूस तरुण होता, नीटनेटका, हातात खटका दाबून मोजायचं यंत्र. गेटवर क्लबचा जुना माणूस होता, निवृत्त पोस्टमन. तिकीट घ्यायचा, अर्धं फाडून डब्यात टाकायचा, अर्धं परत द्यायचा, आणि इतक्या सावकाश की जणू प्रत्येकाचं पत्र आहे आणि पत्ता वाचायचाय. तिकीट फाटलं की खटका. बाइंडर मनातल्या मनात बरोबरीनं मोजत होता. शाळेचे मास्तर आले, वाचनालयातले सगळे आले, प्रबंधवाल्या बाई आल्या, त्यांचे परीक्षकही आले. जावई सात म्हणून नऊ घेऊन आला. बायको चांगली साडी नेसून आली आणि नवऱ्याकडे न बघता तिकीट फाडून घेऊन आत गेली.

चारला पाच कमी असताना यंत्रावर तीनशे त्रेचाळीस होते. बाइंडरच्या मनातही तीनशे त्रेचाळीसच होते. एकाही माणसाची खोट नाही. चोर पकडायला दबा धरून बसावं आणि तो पोलिसाला वाट विचारत समोरून यावा, तसं त्याला झालं.

सामना सुरू व्हायची वेळ झाली, म्हणून तो नेहमीप्रमाणे कुंपणाला वळसा घालून बाजूच्या गेटनं आत गेला. तिथं दुसरा रखवालदार होता. बाइंडरनं पास दाखवला, रखवालदारानं हात कपाळाला लावला.

ह्या पासाची हकीकत अशी. अकरा वर्षांपूर्वी क्लबच्या सभेत बाइंडरनंच ठराव मांडला होता. जे दहा वर्षं न चुकता येताहेत त्यांना रांगेत का उभं करायचं, त्यांना मानाचा पास द्या, त्यांच्यासाठी बाजूचं गेट उघडा. ठराव टाळ्यांत मंजूर झाला. पास त्यानंच बनवले, जाड पुठ्ठा, हिरवं कापड, सोनेरी आकडे. पास नंबर एक त्याचा स्वतःचा. आजवर बावन्न दिले गेले होते आणि ते सगळे मानकरी मधल्या स्टँडच्या पहिल्या तीन बाकांवर बसायचे. तिकीट काढून येणाऱ्यांकडे ते जरा मान मागे टाकूनच बघत.

सामना सुरू झाला आणि बाराव्या मिनिटाला अघटित घडलं. लंबूच्या डोक्याला चेंडू वेळेवर कळला. एक शून्य. स्टँड उठला, बसला, आणि मग दगडासारखा गप्प झाला, कारण मानकऱ्यांचा जुना दंडक होता की आपण पुढे असलो की कोणी जागचं हलायचं नाही.

चेंडू बाहेर गेला तेवढ्या वेळात बाइंडरनं डोकी मोजली. कागदाचा गठ्ठा पंख्यासारखा पसरून पाच-पाचनं मोजतात तशी, एकदा डावीकडून आणि खात्रीला एकदा उजवीकडून. तीनशे चौऱ्याऐंशी. यंत्रावर तीनशे त्रेचाळीस, इथे तीनशे चौऱ्याऐंशी. एक्केचाळीस माणसं आभाळातून पडली नव्हती. त्याचं तोंड रागानं लाल झालं. तो लीगविरुद्धचं चौथं पत्र मनात जुळवू लागला.

बायको मागच्या बाकावर बसली होती. तिकिटाचा अर्धा तुकडा तिनं चष्म्याच्या घरात जपून ठेवला होता, न जाणो कोणी विचारलं तर. तिनं पुढे वाकून त्याच्या खांद्याला बोट लावलं.

“अहो, तुमचं तिकीट कुठाय?”

त्यानं मागे न बघता पास वर धरला.

“तो फाडत नाहीत?”

“हा मानाचा पास आहे. हा कशाला फाडतील?”

“मग तुम्हाला मोजलं कशात?” ती म्हणाली.

बाइंडरचा हात वरच राहिला. त्यानं आपल्या बाकाकडे पाहिलं, पुढच्या दोन बाकांकडे पाहिलं. कुणाच्या खिशात तिकिटाचा तुकडा नव्हता. सगळ्यांच्या छातीवर हिरवं कापड, सोनेरी आकडा. आज एक्केचाळीस, दर सामन्याला असेच चाळीसच्या आसपास, नऊ सामन्यांचे तीनशे बासष्ट. लीगनं माणसं खाल्ली नव्हती. ती त्यानंच, चांगल्या पुठ्ठ्यात बांधून, सोनेरी अक्षरं घालून, हिशेबाबाहेर ठेवली होती. गावात टीमवर सगळ्यात जास्त जीव असलेली बावन्न माणसं, आणि लीगच्या दृष्टीनं त्यांतलं एकही कधी मैदानावर आलेलं नव्हतं.

अठरावं मिनिट चालू होतं. त्यानं सेक्रेटरीला जागेवरूनच खूण केली आणि लीगच्या माणसाला विचारून यायला पाठवलं. सेक्रेटरी धापा टाकत परत आला. आत बसलेल्याला तिकीट विकून चालणार नाही. बाहेर जाऊन, खिडकीवर तिकीट काढून, गेटनं आत आला तो मोजला जाईल. पूर्वार्ध संपला की खिडकी बंद. हवेत छत्तीस.

बाइंडरनं तीन बाकांना हलक्या आवाजात सगळं सांगितलं. चूक कुणाची तेही सांगितलं, लपवलं नाही. पण उठलं कोणी नाही. पहिल्या बाकावर निवृत्त मुख्याध्यापक होते, पास नंबर दोन. त्यांनी मैदानावरची नजर न काढता उत्तर दिलं.

“एक शून्य असताना मी उठत नसतो. मागे एकदा लघवीला उठलो होतो, त्याचं काय झालं ते तुमच्याच रजिस्टरात आहे.”

“एकाहत्तराव्या आणि चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला गोल बसले,” बाइंडर म्हणाला. “पण सर, पुढच्या वर्षी बाकच नसेल, तर न उठून बसणार कुठं?”

दुसरा कोणीतरी म्हणाला की रांगेतच उभं राहायचं तर पास कशाला दिले होते. तिसरा म्हणाला की बायकापोरांना पाठवू. ती सगळी आधीच मोजून झाली आहेत हे त्याला समजावण्यात एक मिनिट गेलं.

मग बाइंडर स्वतः उठला.

ह्याला काय अर्थ होता ते त्या तीन बाकांना ठाऊक होतं. सत्तावीस वर्षांत हा माणूस चेंडू मैदानात असताना उभा राहिलेला कोणी पाहिला नव्हता. पास त्यानं खिशात टाकला आणि मैदानाकडे पाठ करून तो बाहेर चालू लागला. मुख्याध्यापकांनी एक सुस्कारा सोडला, चष्मा पुसला आणि उठले. मग बाकांवरून माणसं सुटू लागली, दोरा ओढला की फर्मे सुटतात तशी. तिघं मात्र राहिले. एकाचा गुडघा खरोखरच धरला होता, उरलेल्या दोघांचे त्याच घटकेला धरले.

बाहेर खिडकीपुढे अडतीस मानकऱ्यांची रांग लागली. बहुतेकांना तिकीट कसं काढतात तेच आठवेना, दोघे चुकीच्या खिडकीत हात घालून उभे राहिले. बाइंडर सगळ्यात शेवटी उभा होता. पुढे उभा राहिला असता तर पहिला आत जाऊन बसला असता, पण मग मागचे किती टिकले असते ह्याची त्याला खात्री नव्हती. आत शिट्टी वाजली की रांग भिंतीकडे बघायची, आणि तो म्हणायचा, पुढे चला. पोस्टमन त्याच सावकाशीनं तिकिटं फाडत होता. बाइंडरनं त्याला एकदा घाई करायला सांगून पाहिलं. पोस्टमननं उत्तर दिलं, की घाईत फाटलेलं तिकीट मोजलं नाही तर?

चाळिसाव्या मिनिटाला, रांगेत सहा जण उरले असताना, आत एकदम गर्जना झाली. भिंत दोन पुरुष उंच. कंपाउंडर, पास नंबर बारा, चवड्यांवर उभा राहिला आणि त्याला भिंतच दिसली.

“आपला की त्यांचा?”

“आपला,” बाइंडर म्हणाला. असा आवाज कधी होतो ते त्याला ओळखू येत होतं, जरी फार वेळा ऐकलेला नसला तरी. मग आतून नाव ऐकू येऊ लागलं. पेंटर, पेंटर, पेंटर.

कंपाउंडरनं त्याच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर दुसरीकडे वळवली. बाइंडर आपल्या हातातल्या तिकिटाकडे बघत होता. नऊ वर्षं. नऊ शून्यं. “पुढे चला,” तो म्हणाला.

चौघे गेले. यंत्रावरचा आकडा पाहून लीगचा तरुण माणूस चांगल्या मनानं म्हणाला, “झाले काका, तीनशे एकोणऐंशी.”

“अजून दोघं आहोत,” बाइंडर म्हणाला. “मोजा.”

कंपाउंडर गेला. बाइंडरनं तिकीट पुढे केलं. पोस्टमननं ते अर्धं फाडलं, अर्धं त्याला परत दिलं आणि खटका वाजला. तीनशे एक्क्याऐंशी. त्यानं लीगच्या माणसाकडून तिथंच कागदावर आकडा लिहून सही घेतली. तेवढ्यात आत मध्यंतराची शिट्टी झाली.

स्टँडमध्ये जो तो पेंटरचा गोल सांगत होता. कोणी म्हणे वीस यार्डांवरून डाव्या पायानं, कोणी म्हणे हवेत आडवा होऊन. सगळ्यात रसभरित वर्णन मुख्याध्यापक करत होते, जे त्या वेळी रांगेत बाइंडरच्या पुढे पाचवे होते. बाइंडर कुणाचं ऐकत बसला नाही. जाऊन आपल्या जागी बसला आणि उत्तरार्धाचं प्रत्येक मिनिट पाहिलं. गोलकीपरला अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला पहिली जांभई आली आणि पहिला गोल बसला. अठ्ठ्याऐंशीव्याला दुसरा. दोन दोन. अकरा टीमांत दहावा नंबर. जावई उठताना “मजा आली, बाबा” म्हणाला, आणि पुढच्या मोसमाचं वेळापत्रक कधी लागतं हे हळूच विचारून गेला.

संध्याकाळी दुकानात दिवा लावून बाइंडर रजिस्टर लिहायला बसला. बारावं मिनिट, लंबू, डोक्यानं. मग पुढे तीन ओळी कोऱ्या सोडल्या आणि खाली उत्तरार्ध लिहून काढला. बायको चहा घेऊन आली तेव्हा तो त्या तीन ओळींकडे पाहत बसला होता.

“लिहा की,” ती म्हणाली.

“पाहिला नाही.”

“मी पाहिला.”

त्यानं मान वर केली. सगळे लोक डाव्या पायानं म्हणत होते, तो म्हणाला, काहीजण हवेत आडवा म्हणत होते.

“लोकांना काय. त्याच्या मोज्याला भोक होतं. मी मघापासून तेच बघत होते, घरी ह्याला कोणी शिवून देत नाही का म्हणून. तो मोजा वर ओढायला वाकला. तिकडून त्या उंच माणसानं चेंडू मारला, तो ह्याच्या बुडाला लागला आणि जाळ्यात गेला. ह्याला काही कळलंच नाही. लोक अंगावर धावून आले तेव्हा हा पळायला लागला, त्याला वाटलं आपलं काहीतरी चुकलं.”

नऊ वर्षं बाइंडरनं तो गोल मनात कितीतरी तऱ्हांनी पाहिला होता. ह्या तऱ्हेनं नव्हता पाहिला. मग त्यानं पेनचं टोपण काढलं आणि लिहायला लागला. चाळिसावं मिनिट, पेंटर, मोजा ओढत असताना, कमरेला लागून.

ती खांद्यावरून वाचत होती. “कमरेला नाही.”

त्यानं तो शब्द खोडला आणि बरोबर शब्द लिहिला. शेवटी कंस न घालता, नेहमीच्याच अक्षरात, पाहणारी बायको, असंही लिहिलं. मग खिशातून तिकिटाचा अर्धा तुकडा काढून, खळीचं एक बोट लावून, तीन ओळींच्या शेजारी चिकटवला आणि तळव्यानं दाबून धरला.

“तुझाही दे.”

“माझा नाही मिळायचा,” ती चष्म्याचं घर बंद करत म्हणाली. “आणि पुढच्या वर्षी त्या गेटनं जाणार असाल तर मी येणार नाही.”

बाइंडरनं पास नंबर एक टेबलावर ठेवला. पुठ्ठा अजून ताठ होता, काम चांगलं झालं होतं. त्यानं कापड सोडवून बाजूला घेतलं आणि अठ्ठाविसाव्या रजिस्टराच्या कण्याला ते पुरेल का, हे मापून पाहू लागला.